वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी लंडनहून इस्तंबूलला जावं का?

प्रश्न: बहीण लंडनला असते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३८, टाइप २ मधुमेह, छातीत जळजळ. एनएचएसची (तिथली सरकारी आरोग्यसेवा) रांग लांब, म्हणून इस्तंबूलचं स्लीव्हचं (जठर लहान करण्याचं ऑपरेशन) पॅकेज बघतेय. पाचव्या दिवशी परत. जाऊ द्यावं का?

उत्तर १: पाचव्या दिवशी विमान, इथेच घोडं अडतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग काढतात. उरलेल्या नळीला स्टेपलची लांब शिवण असते. ती गळलीच तर बऱ्याचदा घरी पोचल्यावर कळतं. नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी ए अँड ई (हॉस्पिटलचा तातडीचा विभाग) गाठायचं. पायात गुठळीचाही धोका असतो. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं किती दिवस घ्यायची, ते लेखी घ्या.

उत्तर २: जळजळ आहे ना? मग स्लीव्हने ती वाढू शकते, जठराचा बायपास (लहान केलेलं जठर थेट आतड्याला जोडणं) बरा पडतो. जठराची दुर्बिणीने तपासणी न करताच स्लीव्ह ठरवणारं पॅकेज सरळ नाकारा. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनआधीच्या कमी कॅलरीच्या आहारात कधी थांबवायची, हे डॉक्टरांनी ठरवायला हवं. नाहीतर साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं, जिवावर बेतू शकतं) होऊ शकतो.

उत्तर ३: आधी जीपीकडे (एनएचएसचा फॅमिली डॉक्टर) जा. दक्षिण आशियाई वंशासाठी ऑपरेशनला लागणारी बीएमआयची मर्यादा २.५ ने कमी धरतात, त्यामुळे ती पात्र ठरू शकते. एनएचएसमध्ये पुढची किमान दोन वर्षं देखरेखही मिळते. बाहेर केलं तर बी १२, लोह, कॅल्शियम, डी यांच्या रक्ततपासण्या कोण करणार, हे जीपीकडून आधीच कबूल करून घ्या.