मदत हवी आहे : कोळंबीच्या सहा टाक्यांना एकाच पंपातून सारखी हवा कशी द्यावी?

नमस्कार. लाल, पिवळ्या आणि निळ्या चेरी कोळंबीच्या (गोड्या पाण्यातील छोटी, शोभेची कोळंबी) पैदाशीसाठी मी एका लोखंडी मांडणीवर सहा टाक्या लावल्या आहेत. या रंगांचा आपसांत संकर झाल्यास पुढच्या पिढ्यांत मूळचा तपकिरी रंग परततो आणि पिल्ले तर जेमतेम 2 मिलिमीटरची असल्याने पाण्यासोबत दुसऱ्या टाकीत जाऊ शकतात, त्यामुळे सर्व टाक्यांचे पाणी एकत्र फिरवणारा सामाईक संप (sump, म्हणजे पाणी गाळण्याची एकच खालची टाकी) मला नको आहे; प्रत्येक टाकीत हवेच्या बुडबुड्यांवर चालणारा स्वतंत्र स्पंज फिल्टरच ठेवायचा आहे.

हे सर्व फिल्टर एकाच हवेच्या पंपाला पीव्हीसी नळीने जोडले आहेत. तांबे कोळंबीला घातक असल्याने पितळी झडपा टाळून प्लॅस्टिकच्या बसवल्या आहेत आणि वीज गेल्यावर पाणी उलटे येऊ नये म्हणून पंप सर्वांत वर ठेवला आहे. तरीही हवा 20 सेंटीमीटर पाण्याच्या वरच्या टाक्यांकडेच धावते आणि 30 सेंटीमीटरच्या खालच्या टाक्यांतील बुडबुडे मंदावतात. वरच्या झडपा आवळल्या, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून धुतले, पण जमवलेला मेळ टिकत नाही. टाक्या झोपण्याच्या खोलीत असल्याने मोठ्या आवाजाचा पंप चालणार नाही.

मुख्य नळी अधिक रुंद घेऊन तिची दोन्ही टोके एकमेकांना जोडल्यास दाब स्थिर राहील, की 20 आणि 30 सेंटीमीटर पाण्याच्या टाक्यांसाठी वेगळे लहान पंपच घ्यावेत?