'दशावतार': बाबुली पटला, त्याचा सूड पटला का?

डिचोलीकर
कथा उघड करूनच बोलणार आहे. सिनेमा पाहिला नसेल त्यांनी पुढे वाचू नये.

सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' (२०२५) उशिराने पाहिला. ऐंशीच्या आसपास वय असताना दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला बाबुली मेस्त्री, दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याचा नट, विसरता येत नाही. नजर अधू होत चालली आहे, मुलगा म्हणतो आता पुरे, आणि हा मात्र रंग लावला की वेगळाच माणूस होतो. तिथपर्यंत मी पूर्ण सिनेमाचा होतो.

मुलगा मेल्यावर मात्र सगळं सूडावर जातं. एकेक दुष्ट माणूस मरतो आणि गावावर येणाऱ्या खाणीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. गोव्याच्या खाण पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे कसं पटावं? आमच्याकडे खाण म्हणजे एक राक्षस नव्हता. ट्रक शेजाऱ्याचा, कर्ज बँकेचं, ट्रकचं वजन करायला काट्यावर बसलेला आपलाच मामेभाऊ. अंगणातल्या तुळशीची पानं लाल धुळीने माखलेली आणि त्याच खाणीच्या पैशातून घरावर स्लॅब घातलेला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाण-लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या त्यांच्यातलेच काही जण 'खाणी सुरू करा' म्हणून मोर्चात गेले. खरं नाट्य इथे आहे. सिनेमा त्याच्या जवळ येतो आणि वळसा घालून निघून जातो.

पेडण्याची वाचक
बाब, तुम्ही सिनेमाकडे वर्तमानपत्रातला रिपोर्ट मागताय. आमच्या जत्रेत रात्रभर दहीकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, बघा. गणपती येतो, रिद्धीसिद्धी येतात, मग वेद चोरणारा संकासुर. विष्णू त्याला मारतो. पुढे आख्यान, म्हणजे त्या रात्रीची पुराणकथा, आणि पहाटेपर्यंत दुष्ट राजाचा निकाल लागलेला असतो. त्या राजाच्या डोक्यावर कर्ज होतं का, असं कोणी विचारत नाही. ज्या माणसाचं आयुष्य या खेळात गेलं, तो अन्यायाला उत्तर देणार ते अवतार घेऊनच. बाबुलीकडे वकील नाही, पैसा नाही. त्याच्याकडे मुकुट आणि रंग आहे. मला उत्तरार्धच जास्त भिडला. आमच्या बाजूच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका हात जोडून बसल्या होत्या, त्यांना तुम्ही काय सांगणार?

सत्तरीकर
+१ ताईंना. देवराईवर, देवाच्या नावाने राखलेल्या रानावर, हात टाकणाऱ्याचं वाईट होतं, ही आमच्या गावांची श्रद्धाच आहे. त्या श्रद्धेमुळे काही रानं अजून टिकून आहेत.

मृदंगवाला
दोघांशीही माझं थोडं वाकडं आहे. घरात दशावताराची परंपरा आहे, म्हणून बोलतो.

ताई, संकासुराचं उदाहरण दिलंत, पण तो नुसता मरायला येत नाही. काळ्या कपड्यात, लांब लाल जीभ काढून तो मालवणीत लोकांशी गप्पा मारतो, गावातल्या मोठ्या माणसांची टर उडवतो. पोरं त्याला घाबरतात आणि त्याचीच वाट बघतात. असुर असून तो आपला वाटतो. सिनेमातल्या खलनायकांत असा एकही नाही. महेश मांजरेकर, भरत जाधव यांच्यासारखे नट हाताशी असताना विरोधी बाजूला असं एखादं माणूस लिहायला हवं होतं. दशावताराचा नियमच लावायचा तर पूर्ण लावा.

दुसरं, आमच्या नाटकाला छापील संहिता नसते. दुपारी आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका घेणार ते ठरतं, आणि रात्री प्रत्येक जण आपल्या अभ्यासावर बोलतो. बाकावर बसलेला राजा समोरच्याचं वाक्य ऐकून तिथल्या तिथे उत्तर रचतो. पायपेटीवाला (हार्मोनियम वाजवणारा) कान देऊन बसलेला असतो, पद म्हणजे गाणं कधी उचललं जाईल ते त्यालाही ठाऊक नसतं. हे पाच मिनिटं सलग, न कापता दाखवलं असतं तर शहरातल्या प्रेक्षकाला कळलं असतं की बाबुलीकडून नक्की काय हिरावलं जातंय. सिनेमात रंगमंच देखणा आहे, पण खेळ तुकड्यांत येतो.

म्हापशाची
बायकांचं कोणीच बोललं नाही. प्रियदर्शिनी इंदलकर चांगली नटी आहे, पण तिच्या वाट्याला काम थोडं. विहीर आटली की टँकरची वाट बघत कळशा मांडून कोण बसतं? ती बाई या गोष्टीत हवी होती.

डिचोलीकर
मृदंगवाले, तुमचा संकासुराचा मुद्दा मला हवा होता तोच. ताई, माझी मागणी रिपोर्टची नाही. खाणीवर पंप लावून खड्ड्यातलं पाणी उपसलं की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खाली जातं. टाकाऊ मातीचे ढीग पावसात शेतात उतरतात. हे मालक बदलला तरी चालूच राहतं. खलनायक मेल्यावर टाळ्या वाजवून आपण घरी जातो, त्याची मला भीती वाटते.

पेडण्याची वाचक
टाळ्या वाजवल्या म्हणून विसरलो, असं कसं म्हणता? सिनेमा सुटल्यावर आमच्या घरात आठवडाभर देवराईचाच विषय होता. माझ्या भाच्याने आजवर जत्रेत फक्त खाजं खाल्लं, तो यंदा दहीकालोला पहाटेपर्यंत बसणार म्हणतोय. संकासुराचं आणि म्हापशाच्या ताईंचं म्हणणं मला मान्य आहे. सूड मात्र मी सोडणार नाही. बाबुलीने कोर्टात अर्ज केला असता तर तुम्ही तो सिनेमा बघायला गेला असता का, ते सांगा.

डिचोलीकर
गेलो असतो. पहिल्याच दिवशी.