सारखा म्हणजे 'तसाच' की 'सतत'?

कोथरूडकर_मी:
हिंजवडीला माझ्या टीममधे एक तमिळ मुलगी आहे, मनापासून मराठी शिकतीये. काल तिने विचारलं की "त्या दोघी सारख्या बोलतात" म्हणजे दोघींची बोलायची ढब एक आहे की दोघींचं तोंड बंदच होत नाही? मला तर दोन्ही अर्थ लागतात. मग हे दोन शब्द आहेत का एकच? तिला नीट सांगायचंय, "असंच असतं" म्हणून सोडून द्यायचं नाहीये.

पेठेतली:
शब्द एकच. संस्कृत सदृक्ष, प्राकृतात सरिक्ख, मग अभंगांमधलं सारिखा आणि आपलं सारखा. सततचा अर्थ त्यातूनच निघाला असावा असं मला वाटतं, म्हणजे बघा ना, सकाळपासून सारखा पाऊस पडतोय म्हणजे आत्ताचा क्षण मगाचच्यासारखाच, मधे खंड नाही की फरक नाही. एकसारखा मधे तर दोन्ही अर्थ अजून नांदतायत, एकसारखे ड्रेस आणि एकसारखी टकटक. चादर सारखी कर म्हणतो तेव्हाही तेच, कुठे वर कुठे खाली नको. तिला सांगा, ढब सांगायची तर "दोघी सारखंच बोलतात" आणि सतत म्हणायचं तर "सारख्या बोलत असतात", मग गोंधळ नाही.

निवृत्त_मास्तर:
छान सांगितलंत ताई. एक भर घालतो. शब्दयोगी अव्यय बदलत नाही असं आपण शाळेत शिकवतो पण हे बदलतं, माझ्यासारखा, माझ्यासारखी, माझ्यासारखे, हे तिला आधीच सांगून ठेवा. आणि जोडूनच लिहायचं! "घरा सारखे जेवण" अशी पाटी दिसली की जीव कळवळतो. भूमितीत मात्र सारखे म्हणून भागत नाही, बालभारतीच्या पुस्तकात आकार तोच पण माप वेगळं चालतं ते त्रिकोण समरूप, आणि मापही जुळलं की एकरूप.

कोथरूडकर_मी:
वा, खूप आभार दोघांचे. आणि सर, "बघण्यासारखं" मधे काय? तिथे तर कशाशी तुलनाच नाहीये.

निवृत्त_मास्तर:
तिथे योग्यता. शनिवारवाडा बघण्यासारखा आहे म्हणजे बघावा असा आहे. पण "बघितल्यासारखं वाटतं" म्हटलं की लगेच भास झाला, तेव्हा आधीचं क्रियापद कुठल्या रूपात आहे ते बघायला शिकवा तिला. आणि "सांगितल्यासारखं कर" नको, तिथे सांगितल्याप्रमाणे.