तीन सॅक्स तोंडात घेतल्या म्हणून सर्कस?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)
परवा इथेच कुणी जाझ सॅक्सोफोनवादक कर्कच्या लाइव्ह अल्बमबद्दल लिहिलं, "रासान रोलंड कर्कचा 'ब्राइट मोमेंट्स' म्हणजे सर्कस. तीन सॅक्स तोंडात कोंबायच्या आणि मधल्या वेळात गप्पा ठोकायच्या." दोन ओळींत निकाल! १९७३, सॅन फ्रान्सिस्को, पोलीस चौकीला खेटून असलेला कीस्टोन कॉर्नर क्लब. टेनर सॅक्स आणि तिचेच भाऊबंद मॅन्झेलो, स्ट्रिच एकदम वाजतात तेव्हा एकटा माणूस सॅक्सची आख्खी फळी उभी करतो. हार्मनी ऐका की! दिसतं कसं, हा प्रश्न निदान त्या अंध माणसाबाबत तरी काढू नका.

बेसूर_बंड्या
पोस्ट माझीच, आणि 'सर्कस' मागे घेणार नाही. जाझवालाच एरिक डॉल्फीही आल्टो सॅक्स, बास क्लॅरिनेट, बासरी वाजवायचा. पण एका वेळी एकच! कर्कसारखी नाकाने बासरी वाजवली की टाळ्या मिळणारच.

डहाणूवाली
कर्कचं श्वास न तोडता वाजवणं ही नुसती करामत वाटते का? आमच्याकडे तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा वारली नाच चालू असेतो श्वास तुटू देत नाही. लहानपणापासून बघतेय. त्याला कुणी सर्कस म्हणून बघावं, मग सांगते.

बेसूर_बंड्या
तारपा कुठून आला मध्येच?

पुणेरी_कान
कर्क ठीक आहे, पण गप्पांबद्दल बंड्याशी सहमत. दिवाळी पहाटेला गायिका षड्ज लावून बसलेली असते आणि निवेदकाचं चांदणं, प्राजक्त, बालपण संपत नाही. गेल्या वर्षी मी मध्येच उठून चहाला गेलो. परत आलो तरी प्राजक्तच चालू.

डहाणूवाली
+१. आणि वर प्रायोजकांचे सत्कार!

मंद्रसप्तक
अहो, कर्क स्वतः बोलतो, भाड्याचा निवेदक नाही! लंडनमध्ये शेवटचा पोर्क चॉप खाणं हाही 'ब्राइट मोमेंट' असं तो सांगतो, क्लब खिदळतो आणि त्या हशातूनच गाणं सुरू होतं. ते कापलं तर लाइव्ह काय उरलं? आणि १९७५ मध्ये पक्षाघातानं एक बाजू गेली, तरी पुढे एका हातानं वाजवत राहिला, १९७७ मध्ये जाईपर्यंत. सर्कसवाला घरी बसला असता.

बेसूर_बंड्या
ही सहानुभूती झाली, संगीत नव्हे. आजारपणाचे मार्क वेगळे द्या.

मंद्रसप्तक
मग याच अल्बममधलं जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचं 'प्रिल्यूड टू अ किस' ऐका. नसेल ऐकलं तर कीबोर्ड खाली ठेवा.

बेसूर_बंड्या
ऐकलं. बरं आहे. झालं समाधान? नाकातली बासरी तुम्हालाच लखलाभ.

सूत्रधार_नाशिक
अवांतर: मी निवेदन करतो. गायिकेची गाडी अडकली की "अजून दहा मिनिटं बोला" अशी चिठ्ठी आयोजकच पाठवतात. प्राजक्त हौसेनं येत नाही हो. मानधनाचं तर कुणी काढतच नाही.

पुणेरी_कान
चिठ्ठीत प्राजक्तच लिहिलेला असतो का?