मेनमध्ये तिसऱ्याचं मत वाया जात नाही

अमेरिकेत दोन मोठे पक्ष सोडून तिसऱ्याला मत म्हणजे मत वाया, २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात काय झालं बघा, असं म्हणतात आणि ते पटतंच. बुश तिथे ५३७ मतांनी जिंकले आणि तिसऱ्या पक्षाच्या नेडरना त्याच राज्यात ९७ हजारांवर मतं होती. दोन नावडत्यांतला कमी नावडता निवडायचा वैताग मलाही आलाय. पण अमेरिकेत सगळीकडे असंच आहे असं नाही हो. आम्ही मेन राज्यात राहतो, इथे २०१६ ला लोकांनीच सार्वमतात पसंतीक्रमाचं मतदान आणलं, आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात १, २, ३ लिहितात ना, साधारण तसंच. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली की तळातला बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. २०१८ ला इथल्या दुसऱ्या काँग्रेस डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या मतदारसंघात, पहिल्या फेरीत मागे असलेले उमेदवार गोल्डन असेच निवडून आले.

२०२० ला सिनेटसाठी मी पहिल्या रकान्यातला गोळा अपक्ष बाईंसमोर काळा केला, दुसऱ्या रकान्यातला मोठ्या पक्षासमोर, आणि पेन हातात धरून जरा वेळ त्या कागदाकडे बघतच राहिले, इतकं मोकळं वाटलं. अपक्ष बाई हरल्या, पण मत मनासारखं दिलं. एकच गोष्ट अजून सलते, नोव्हेंबरमधल्या गव्हर्नरच्या निवडणुकीला ही पद्धत लागू नाही, मेन राज्याची स्वतःची घटना आड येते, आणि २०१० ला ४० टक्क्यांहून कमी मतांवर गव्हर्नर निवडून आला म्हणून तर लोक या मागणीसाठी एवढे पेटले होते.