तालमीतल्या मुलाने बॉक्सिंग शिकावे की एमएमए?

प्रश्न : माझा पुतण्या गेली चार वर्षे कोल्हापुरातील एका तालमीत लाल मातीवर घाम गाळतो आहे, आता त्याला मिश्र युद्धकलेचे (एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सारे चालणारा खेळ) वेड लागले आहे, तर घरचे बॉक्सिंगचा आग्रह धरतात. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १ : ज्याला एकेरी-दुहेरी पट (समोरच्याचा एक किंवा दोन्ही पाय धरून त्याला पाडण्याचा डाव) काढता येतो, त्याची निम्मी विद्या बॉक्सिंगमध्ये वाया जाईल, कारण तिथे केवळ ठोसे चालतात. एमएमएमध्ये मात्र हाच पट मोठे हत्यार ठरतो. फक्त एक सवय मोडावी लागेल : आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपते, तिथे खरी झुंज तिथूनच सुरू होते.

प्रतिसाद २ : ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंग आहे, एमएमए नाही, घरच्यांचा आग्रह बहुधा त्यामुळेच असावा.

प्रतिसाद ३ : दुखापतीचाही विचार व्हावा. एमएमएचे हातमोजे साधारण 4 औंसांचे, व्यावसायिक बॉक्सिंगचे 8 ते 10 औंसांचे. तरीही जाड मोजे डोक्याला वाचवतात असे समजू नये, कारण बॉक्सिंगमध्ये पडलेला खेळाडू दहा अंक मोजून होण्याआत उठून पुन्हा मार खातो, तर एमएमएमध्ये अशी मोजणीच नसते.