जुन्या गाडीचा उजेड वाढवायचाय: आधी वायरिंग की सरळ एलईडी?

घाटमाथा:
गाडी २००१ ची जिप्सी किंग, येणंजाणं कोल्हापूर-रत्नागिरी आंबा घाटातून, पावसाळ्यात बऱ्याचदा रात्रीचंच. उजेड इतका पिवळट झालाय की डिप्परवर कडेचा पांढरा पट्टा सोडला तर काही दिसत नाही. गॅरेजवाल्यापासून मित्रांपर्यंत सगळे एकच सांगतायत, १००/९० चे (अप्परला १०० वॅट, डिप्परला ९०) बल्ब टाक नाहीतर एलईडी टाक. मला हे पटत नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला तर १४ व्होल्ट आणि लाइट चालू असताना बल्बच्या होल्डरवर १२ च्याही खाली, म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच जातायत, थोडे जुन्या वायरीत, थोडे स्विचच्या पॉइंटमध्ये, थोडे गंजलेल्या अर्थिंगमध्ये. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास पडतो. मग बल्ब मोठा टाकून काय होणार, तो जास्त करंट ओढणार आणि त्याच वायरीत आणखी व्होल्टेज पडणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझं म्हणणं, बल्ब ६०/५५ चाच ठेवा, दोन रिले (बारीक करंटने जाड करंट चालू-बंद करणारे स्विच) टाका, बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर पुढे आणा. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

रातराणी:
नाही पटत. एवढा खटाटोप कशासाठी राव? ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर. चांगला एलईडी २५-३० वॅटचा असतो, म्हणजे निम्मा किंवा त्याहून कमी करंट, जुन्या वायरीला आणि स्विचला उलट आरामच, आणि आत करंट सारखा ठेवणारं सर्किट (ड्रायव्हर) असल्यामुळे १२ व्होल्ट आले काय नि १४ आले काय, उजेड तेवढाच. तुम्ही ज्या दुखण्यावर ऑपरेशन सांगताय ते इथे गोळीने बरं होतंय. वायर कापायची नाही, टेप गुंडाळायची नाही, होल्डरात बसवला की झालं.

डिप्पर_द्या:
रातराणी, वायरीला आराम आणि समोरच्याच्या डोळ्यांचं काय? मी मुंबई-गोवा हायवेला रात्री नेहमी असतो, हॅलोजनच्या काचेत एलईडी कोंबलेली गाडी समोरून आली की दोन-तीन सेकंद रस्ताच दिसत नाही, आणि तेवढ्यात कडेने चालणारा माणूस कुठे गेला ते कळत नाही. एच४ बल्ब, म्हणजे हाच अप्पर-डिप्पर एकात असलेला हॅलोजन, जवळून बघा कधी. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटीशी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते म्हणून रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि बीमला वरून कट मिळतो, म्हणजे एका रेषेच्या वर उजेड जात नाही. फिलामेंट केसासारखं बारीक आणि ठरलेल्या जागी, सगळा रिफ्लेक्टर त्या जागेवरून आखलेला. एलईडीत पट्टीच्या दोन बाजूंना चिप, जागा जरा हलली तरी उजेड वर फाकतो. गाडी भिंतीपासून २५ फुटांवर उभी करून डिप्पर लावा, स्वतःच बघा.

रातराणी:
भिंतीवर बघूनच लावलेत, कट स्वच्छ आहे. तुम्ही स्वस्तातला माल बघून सगळ्यांना एका माळेत ओवताय. आणि १००/९० वाले हॅलोजनसुद्धा डोळे दिपवतातच की, त्यांच्यावर कोणी बोलत नाही.

उद्यमनगर_वायरमन:
१००/९० वर मी बोलतो. दोन बल्ब अप्परला १६-१७ अँपिअर घेतात, आणि रिले नसेल तर ते सगळं स्टिअरिंगखालच्या स्विचमधून. होल्डर तपकिरी पडलेला, पिना सैल, स्विचचं प्लास्टिक वितळलेलं, हे नेहमीचं काम आहे आमच्याकडे. बल्बच्या खोक्यावरच लिहिलेलं असतं की रस्त्यावर वापरायला नाही, ते कोणी वाचत नाही.

घाटमाथा साहेबांचं बरोबर आहे पण जिप्सीत एक मेख आहे. तिचं हेडलाइट वायरिंग निगेटिव्ह स्विचिंगचं, म्हणजे होल्डरच्या कॉमन पिनेला पॉझिटिव्ह येतो आणि स्विच अर्थ जोडतो. नेहमीच्या सवयीने रिलेच्या कॉइलची ८५ नंबरची पिन बॉडीला आणि ८६ ला डिप्परची वायर दिली तर रिले ओढणारच नाही, मग लोक म्हणतात रिले खराब. आधी टेस्ट लॅम्पने बघा. रिलेची कॉइल जुन्या होल्डरच्याच दोन पिनांमध्ये जोडा, कॉमन आणि डिप्पर एका रिलेला, कॉमन आणि अप्पर दुसऱ्याला. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरी, ८७ वरून नव्या होल्डरला अडीच स्क्वेअर एमएमची वायर, कॉमन पिन सरळ बॉडीला, तिथला रंग खरवडून. होल्डर सिरॅमिकचा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं काही नसतं. पिळून टेप मारायची नाही, वायरीच्या टोकाला धातूचे लग दाबून (क्रिम्प करून) बसवायचे.

बंपरवर जादा दिवे लावणार असाल तर त्यांना वेगळा रिले, वेगळा फ्यूज, आणि लांब फेकणाऱ्या दिव्यांचा ट्रिगर (रिले चालू करणारी वायर) अप्परवरूनच घ्या, म्हणजे डिप्पर दिला की तेही विझतात. पार्किंगवरून ट्रिगर घेतलेल्या गाड्या येतात, चारही दिवे पेटवून समोरून चालत असतात, चीड येते.

जुनं_तेच_बरं:
वायरमन भाऊ, तुम्ही कराल नीट, पण गावोगावी तुमच्यासारखे किती? माझ्या ओळखीतल्या एका गाडीला असंच बाहेरून रिलेचं काम करून घेतलं, फ्यूज टाकलाच नव्हता, वायर रेडिएटरच्या पट्टीला घासून बॉनेटखाली धूर. २०-२५ वर्षांच्या वायरिंगला हात लावायचाच नाही असं माझं मत आहे. अर्थिंगचे पॉइंट काढून घासा, कपलर साफ करा, बॅटरीचे टर्मिनल घट्ट करा, जवळपास फुकटात बराच उजेड परत येतो. आणि लांब फेकणाऱ्या दिव्यांबद्दल म्हणाल तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढे स्पॉटलाइट लावायला परवानगीशिवाय मनाईच आहे.

घाटमाथा:
अर्थिंग साफ करून झालंय, अर्धा-पाऊण व्होल्ट परत आला, बाकीचा नाही. तो स्विच आणि लांब बारीक वायरीत आहे, तिथे घासून काही होत नाही. आग लागते ती फ्यूज न टाकल्याने, त्यात रिलेचा काय दोष? आणि मला स्पॉट नकोतच, फॉग हवेत, खाली बसवलेले, रुंद पसरणारे. घाटात धुकं उतरलं की अप्पर लावला तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. तिथे जवळची कड दिसली की गाडी निघते.

काचवाला:
एवढं सगळं बोललात, कोणी रिफ्लेक्टर बघितला का? चांदी उडून काळपट झाला असेल तर होल्डरवर १४ व्होल्ट आणूनही उजेड आतच मरणार. जिप्सीचा दिवा ७ इंची गोल, नवीन युनिट बाजारात सहज मिळतं, फक्त घेताना भारतातल्या रस्त्यासाठीचं घ्या. बाहेरून मागवलेली उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांची युनिट्स उजवीकडे वर उजेड फेकतात, म्हणजे आपल्याकडे बरोबर समोरून येणाऱ्याच्या तोंडावर.